कुंडी वाजवून पाहावी

मांजलपूर, बडोदे
१४ एप्रिल १९९१

इंदिराबाईंना मांजलपूरच्या अगाशीवरून विश्वासचा नमस्कार.

माझं पत्र बघून नवल वाटेल. कौशल्या होती तोवर तुम्हा मावसबहिणींची पत्रं पेटीत टाकायचं काम तेवढं माझ्याकडे होतं. आता स्वतः लिहायला बसलोय, तर सांभाळून घ्या. मोटरी रिवाइंड करण्यात आयुष्य गेलं. तांब्याची तार सरळ गुंडाळता येते, वाक्य येत नाही.

काम असं आहे. कौशल्याचा टोमॅटो तुम्हाला आठवत असेल. तुमच्या आजोळचाच तो, चपटा, भोपळ्यासारख्या शिरांचा, आंबट. दर वर्षी ती एक फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यायची आणि त्याचं बी वर्तमानपत्रावर वाळवून ठेवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून कधी चुकलं नाही. दिवाळीनंतर ती गेली आणि तेव्हाची झाडं कुणी बघितलीच नाहीत, वाळून गेली. कागदाला चिकटलेलं जुनं बी उरलं होतं ते सगळं मी फेब्रुवारीत पेरून टाकलं. सगळं पेरायला नको होतं. रोपं बोटभर झाली आणि मानेतून मोडून पडत गेली. एक राहिलं. म्हणजे त्या टोमॅटोचं आता हे एवढंच झाड, आणि तेही माझ्यासारख्याच्या हाती. मूलबाळ नाही, दुकान कारागिरांना देऊन टाकलं, त्यामुळे लक्ष द्यायला वेळच वेळ आहे. मला ते टोमॅटो खायचे नाहीत. एक फळ पिकावं, बी धरावं, एवढंच.

झाड कमरेएवढं झालंय. पण भर दुपारी मान टाकतं. तापलेल्या मोटरीला थंड करायचं एवढी माझी विद्या, म्हणून उन्हातच बादलीभर पाणी ओततो. संध्याकाळी ते उभं राहतं आणि मला वाटतं, मी वाचवलं. फुलं येतात, छान पिवळी, आणि देठासकट गळतात. सकाळी अगाशी झाडताना ती वेगळी काढून ठेवतो. केरात टाकवत नाहीत.

तुम्ही कृषी विद्यालयात इतकी वर्षं शिकवलंत म्हणून विचारतो. मध्यंतरी रविवारी फोन लावून पाहिला. उचलला जातो, "हॅलो, हॅलो" येतं, आणि बंद होतो. आणि हो, कौशल्या गेली त्या दिवशी मी फोनवर तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही "बरं, बरं, ठेवते" म्हणालात, ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. अशा वेळी माणसाला काय सुचणार?

उत्तराची वाट बघणारा,
विश्वासराव


अकोला
२३ एप्रिल १९९१

भाऊजी,

पत्र पोचलं. अर्धी माहिती देऊन पूर्ण उत्तर मागणारे विद्यार्थी मला कधी आवडले नाहीत. कुंडी कसली, किती मोठी, खाली भोक आहे का, ऊन कुठून कुठवर, यातलं काहीही तुम्ही लिहिलेलं नाही. तरी जेवढं कळतं तेवढं सांगते.

दुपारी मान टाकणं म्हणजे तहान नव्हे. कडक उन्हात मुळं जेवढं देतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं, म्हणून झाड स्वतःच पानं सैल सोडतं. संध्याकाळी ते आपोआप उभं राहतं. तुमच्या बादलीमुळे नाही. उलट तापल्या मातीत पाणी ओतून तुम्ही मुळं उकडताय. झाडाची तब्येत सकाळी उठल्यावर बघायची. सकाळीही पडलेलं असेल तर तहान. मातीत बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी, तेही उन्हं चढायच्या आत.

फुलं गळतात ती रात्रीच्या उकाड्याने. रात्र थंड झाल्याशिवाय टोमॅटोचं फूल फळ धरत नाही. त्यावर आत्ता इलाज नाही. उन्हाळाभर झाड जगवायचं, बस. विटांवर ठेवा, फरशी भाजते. मातीवर पालापाचोळा पसरा. दुपारनंतर सावली करा.

आमच्याकडचं ते बी मी कधीच घालवून बसले. बदल्यांच्या धावपळीत एक वर्ष पेरलं नाही, संपलं. तेव्हा हे झाड नुसतं तुमचं नाही. एक फळ तरी धरा.

फोनचं म्हणाल तर माझा फोन बिघडलेलाच असतो. पत्र लिहीत जा. त्या दिवसाबद्दल लिहिलंत ते वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

इंदिरा


मांजलपूर
८ मे १९९१

इंदिराबाई, नमस्कार.

शिक्षा कबूल. आता पूर्ण माहिती. झाड तेलाच्या डब्यात होतं. डबा गंजू नये म्हणून मी त्याला बाहेरून काळा वार्निश दिला होता, मोटरीच्या वाइंडिंगला देतात तो, दोन हात. तुमचं पत्र वाचून दुपारी डब्याला हात लावला आणि चटका बसला. तीस वर्षं लोकांना सांगत आलो की मोटर उन्हात ठेवू नका, आणि बायकोच्या झाडासाठी मी भट्टी बनवली होती.

सकाळच्या गारव्यात ते मातीच्या मोठ्या कुंडीत हलवलं. बाहेरून चुना लावला. विटा घातल्या. दुपारसाठी कौशल्याची पांढरी वायलची साडी दोरीवर ताणली आहे. तिचा कुठे काही उपयोग होत नव्हता.

आता माझा शोध ऐका. मातीत बोट घालायची गरज नाही. कुंडीला बाहेरून बोटाच्या पेराने ठोकायचं. कोरडी असली की खणखणीत वाजते, ओली असली की ठस्स. मोटरीचं बेअरिंग मी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ओळखायचो, तसंच हे. रोज सकाळी कान लावून बसतो. खालच्या मजल्यावरच्या रसिकभाईंनी पाहिलं, म्हणाले, "काका, टोमॅटो शुं कहे छे?" म्हटलं, आज नको म्हणतोय.

रसिकभाईंची करजणला शेती. त्यांनी एरंडीची पेंड आणून दिली, "दिवेलीनो खोळ नाखो, पछी जुओ." दोन मुठी घातली. झाड काय तरारलंय, पानं हिरवीगार.

तुमच्याकडेही कुंड्या आहेत असं कौशल्या सांगायची. एकदा वाजवून बघा आणि कळवा. माझं म्हणणं खरं की खोटं ते अकोल्याच्या कुंड्यांनी ठरवावं.

विश्वासराव


अकोला
१९ मे १९९१

भाऊजी,

डबा बदललात ते चांगलं. पेंड घातलीत ते वाईट. पेंडीने पानं वाढतात, फुलं मागे पडतात. रसिकभाईंना भरपूर पाला हवा असेल तर त्यांनी मेथी लावावी. आता काहीही घालू नका.

पानांची खालची बाजू रोज बघा. पांढरी बारीक माशी दिसली तर पिवळा रंग दिलेल्या पाटीला एरंडेल फासून झाडाजवळ टांगा, माश्या चिकटतात. पानं वाटीसारखी वर वळू लागली, झाड खुरटलं, तर तो चुरडामुरडा. त्याला औषध नाही. मग दया न करता उपटून जाळायचं.

म्हणून आजच, झाड निरोगी आहे तोवर, एक काम करा. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटवा येतो, बगलफूट म्हणतात. वीतभर फूट तोडा, खालची पानं काढा, पेल्यातल्या पाण्यात सावलीला ठेवा. पाणी बदलत जा. मुळं फुटतील. ते वेगळं झाड नव्हे, तेच झाड दुसऱ्या जागी. आधीचं मेलं तरी हे राहील.

तुमच्या सांगण्याप्रमाणे कुंड्या वाजवून पाहिल्या. अगदी बरोबर आहे. नुकतं पाणी घातलेली कुंडी खणखणीत वाजते आणि कोरडी ठस्स. गंमत वाटली.

इंदिरा


मांजलपूर
१६ जून १९९१

इंदिराबाई,

बगलफुटीला मुळं आली. पांढरी, पेल्याच्या तळाशी वेटोळं करून बसलेली. कुंडीत लावली, सावलीत आहे. वेळेवर सांगितलंत. या आठवड्यात मोठ्या झाडाची शेंड्याची पानं वर वळली. पाटी टांगली होती, पण उशीर झाला. रसिकभाई आंबट ताक शिंपडा म्हणाले, तेही केलं. शेवटी तुम्ही लिहिल्याप्रमाणे उपटलं. जाळताना उग्र वास आला, टोमॅटोच्या पानांचा, कौशल्याच्या हातांना यायचा तो. त्या दिवशी जेवलो नाही.

आता एक लिहितो, रागावू नका. मागल्या पत्रात कुंडीचा आवाज तुम्ही उलटा लिहिलात. तेव्हा म्हटलं, लिहिण्यात चूक झाली असेल. मग गेल्या रविवारी फोन लावला. लागला. बिघडलेला मुळीच नव्हता, मला तुमचा श्वास ऐकू येत होता. मी बोलत होतो, तुम्ही "हॅलो, कोण आहे, कुणीच बोलत नाही" म्हणत होता. आणि मागे कुकरची शिट्टी होत होती. एक झाली, दुसरी झाली, होतच राहिली. ती बंद करायला कुणी उठलं नाही. तुम्ही तर गॅसपासून चार पावलांवर असाल.

माझं आयुष्य आवाज ऐकून बिघाड ओळखण्यात गेलं. मला जे कळलं ते खरं असेल तर सांगा. एकट्या राहता, कुकर असा चालू राहणं बरं नाही.

विश्वासराव


अकोला
२४ जून १९९१

श्री. विश्वासराव यांस,

मोटर बिघडली की लोक ती तुमच्या दुकानात आणून टाकत असतील. मी आणून टाकलेली नाही. माझ्या स्वयंपाकघरात काय वाजतं ते ऐकायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

फुटीला पावसाचं पाणी साचू देऊ नका.

इं.


मांजलपूर
१५ ऑगस्ट १९९१

इंदिराबाई, नमस्कार.

जुलैत दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. हक्क आहे तुमचा. तरी झाडाची खबर देतो, कारण ते नुसतं माझं नाही असं तुम्हीच लिहिलं होतं.

गुडघ्याएवढं झालंय. कुंडीचं भोक मोकळं आहे, पाणी साचत नाही. माशी नाही. रोज सकाळी पानं उलटून बघतो. आज सोसायटीत झेंडावंदन होतं, माइकवर सगळे वाढदिवसाला बोलतात तसे बोलत होते. मी लवकर वर आलो. दिवसभरात माझ्याशी बोललेलं माणूस म्हणजे दूधवाला, आणि तोही "कितना?" एवढंच. माझे कान तिखट आहेत याचं पूर्वी मला भूषण होतं. आता घरात ऐकण्यासारखं काही नसतं. फ्रिज सुरू होतो, बंद होतो, ते ऐकतो.

उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर देऊ नका. झाड मात्र सांभाळतोय.

विश्वासराव


अकोला
२९ सप्टेंबर १९९१

भाऊजी,

लिहायला इतका वेळ लागला, कारण लिहिल्यावर ते खरं होतं.

एक कान पूर्वीच गेला होता. दुसराही गेली दोन-तीन वर्षं चालत नाही. यंत्र लावून पाहिलं, नुसता गोंगाट, शब्द नाही. कौशल्याला माहीत होतं. कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, तिने तुम्हालासुद्धा सांगितलं नाही, हे तुमच्या पत्रांवरूनच कळलं. फोन टेबलावर असतो. तो वाजला की टेबलावरच्या हाताला थरथर लागते, म्हणून उचलते. पलीकडचं काही कळत नाही. मग मी कधी कुणीच बोलत नाही म्हणून ठेवून देते, कधी थोडा वेळ थांबून "बरं, बरं, ठेवते" म्हणते. सगळ्यांनाच म्हणते. बहुतेकांना तेवढं पुरतं.

तुम्ही मला कौशल्या गेल्याचं सांगितलंत आणि मी तुम्हाला "बरं, बरं" म्हणाले, हे मला तुमच्या एप्रिलच्या पत्रातून कळलं. त्याआधी मला एवढंच ठाऊक होतं की तेराव्यानंतर एक छापील कार्ड आलं. मला वाटलं होतं, भाऊजींनी आपल्याला कार्डापुरतं धरलं. तिचं तोंड बघायला मी आले असते. रात्रीची गाडी होती.

एवढंच. आता यावर पुन्हा लिहायला लावू नका.

झाड: आता रात्री निवतील. फुलं आली की वाट बघत बसू नका. टोमॅटोचं फूल परागकण आत कोंडून ठेवतं. भुंगा त्याला धरून अंग थरथरवतो तेव्हा ते सुटतात. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर भुंगे येत नसतील. सकाळी ऊन आल्यावर फुलाच्या देठाला काहीतरी थरथरणारं टेकवा. ते काय, हे तुम्हीच शोधा. विजेची कामं तुम्हाला येतात.

इंदिरा


मांजलपूर
२० ऑक्टोबर १९९१

इंदूताई,

कौशल्या तुम्हाला याच नावाने हाक मारायची, मीही मारतो. आता तरी चालेल ना?

तुमचं पत्र मी जिन्यातच उघडलं आणि तिथेच पायरीवर बसलो. मनाला लावून घेतलं नाही असं मी एप्रिलमध्ये लिहिलं होतं. लावून घेतलं होतं. हिच्या अख्ख्या माहेरात हिला जवळची अशी तुम्ही एक, आणि तुम्हीही दोन शब्दांत संपवलंत, असं वर्षभर म्हणत बसलो. तुम्ही तिकडे कार्ड हातात घेऊन हेच म्हणत होता. कौशल्या असती तर दोघांना समोर बसवून हसली असती. यावर मीही पुन्हा लिहिणार नाही.

थरथरणारं सापडलं. दारावरची जुनी घंटी होती. तिची वाटी काढून टाकली. आता बटण दाबलं की आतला दांडा नुसता थरथरतो, आवाज जवळजवळ नाही. तो देठाला टेकवला आणि फुलातून पिवळी भुकटी उडालेली मी डोळ्यांनी पाहिली. फूल काही ऐकत नाही, त्याला थरथर तेवढी पोचते.

तीन फळं धरली. पण पहिल्याच्या बुडाला काळा डाग पडलाय, चामड्यासारखा. रोग असेल तर बाकीची दोन कशी वाचवू?

आणि तुमच्या कुंड्यांसाठी एक युक्ती. एका बाजूने ठोका, दुसऱ्या बाजूला तळवा लावून ठेवा. कोरडी असेल तर तळव्याला शहारा लागतो. ओली असेल तर काही लागत नाही. मी कानात कापूस घालून करून पाहिलं.

विश्वासराव


अकोला
२८ ऑक्टोबर १९९१

भाऊजी,

हाक चालेल.

काळं बूड हा रोग नव्हे. पाणी एक दिवस भरपूर आणि मग दोन दिवस काहीच नाही, असं झालं की चुना मातीत असूनही फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. दसऱ्याला कुठे गेला होतात का? रोज थोडं, ठरलेल्या वेळी घाला. ते फळ तोडून टाका, झाडाचा जोर बाकीच्या दोघांना मिळू दे. बुलबुल टोचा मारतात, मलमलची पिशवी बांधा.

तळवा लावून पाहिला. मधली कुंडी शहारते. बाकीच्या गप्प. मधलीला पाणी घातलं.

कुकर आता समोर बसून लावते. वाफ दिसते.

इंदू


मांजलपूर
५ डिसेंबर १९९१

इंदूताई,

हो, दसऱ्याला अलकापुरीत जुन्या गिऱ्हाइकाकडे जेवायला बोलावलं होतं. गर्दीत बसवेना म्हणून लवकर परतलो, पण सर्दी होऊन दोन दिवस झोपून होतो. झाडाने ते तुम्हाला सांगून टाकलं.

दोनपैकी एक बुलबुलाने पिशवीतूनच टोचून संपवलं. एक राहिलं. चपटं, शिरांचं, लाल. झाडावरच मऊ होईपर्यंत ठेवलं. मग कापलं, गर पाण्यात दोन दिवस आंबवला, बी धुऊन वर्तमानपत्रावर सावलीत वाळवलं, तिच्यासारखंच. फळाची एक फोड खाल्ली. आंबट. तोच.

या पाकिटात निम्मं बी आहे. मी यंदा सगळं पेरणार नाही, तुम्हीही पेरू नका.

आता एक मागणं. येत्या रविवारी नको, पत्र पोचायला वेळ लागेल. पंधरा तारखेच्या रविवारी सकाळी चहा झाला की मी फोन लावीन. उचलू नका. उचललात की बंद पडतो. नुसता हात त्याच्यावर ठेवा. मी इकडे तुमच्याकडची घंटी ऐकत बसेन, तुम्हाला तिकडे थरथर लागेल. बोलण्यासारखं आपल्याकडे जे असतं ते पत्रात लिहितोच.

विश्वास


अकोला
१७ डिसेंबर १९९१

भाऊजी,

बी मिळालं. मोजलं नाही, डबीत ठेवलं.

रविवारी सकाळपासून टेबलाशी बसले होते. चहा दोनदा झाला. शेजारच्या बाई डोकावल्या आणि काही विचारलं, मी बरं, बरं म्हणाले नाही. कानाकडे बोट दाखवून सांगितलं, ऐकू येत नाही, लिहून द्या. पहिल्यांदाच सांगितलं.

मग वाजला. तळव्याखाली थरथरत होता, मध्ये थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. मी उचलला नाही. थांबला तेव्हाही हात काढला नाही, पुन्हा लागेल म्हणून.

तुम्ही फार लवकर ठेवलात. येत्या रविवारी जरा जास्त वेळ वाजू द्या.

इंदू